कुपीवर काय लिहिले आहे?

वाचकहो, या सदरात आम्ही सहसा फॉर्म, दाखले, शिष्यवृत्त्या आणि परीक्षांच्या तारखा यांविषयी लिहीत असतो. कारकुनाच्या लेखणीला तेच विषय सुचतात. आज मात्र एका काचेच्या कुपीविषयी लिहायचे आहे. ही कुपी आमच्या वसाहतीतील एका घरात, फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी सापडली.

त्याचे असे झाले. एका रविवारी सकाळी आम्ही अभ्यासिकेचे कुलूप उघडत होतो. इतक्यात शेजारच्या चाळीतील एक भगिनी पदराखाली काहीतरी झाकून आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे पोराने आणलंय. शक्तीचं औषध आहे म्हणतो. काय लिहिलंय ते जरा वाचून सांगा." त्यांचे यजमान आमच्याच कचेरीत शिपाई होते, आता निवृत्त झाले आहेत. मुलगा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. पंधराशे मीटर धावतो. गेल्या वर्षी जिल्ह्यात पहिला आला आणि राज्य स्पर्धेला जाऊन आला. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मैदानावरच मिळते. तेव्हा त्या मुलाच्या पायांवर घराने किती आशा ठेवली आहे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण चार महिन्यांपासून त्याच्या उजव्या टाचेमागची जाड शीर दुखत होती. सकाळी उठल्यावर पाऊल टेकवत नव्हते.

व्यायामशाळेतील एका ओळखीच्या माणसाने ही कुपी त्याला दिली. साडेचार हजार रुपये घेतले. ते पैसे मुलाने पुस्तकांसाठी म्हणून आईकडून नेले होते.

आम्ही चष्मा पुसून कुपी वाचली. वर इंग्रजीत 'बीपीसी-१५७' असे नाव, खाली 'पाच मिलिग्रॅम', आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ. तिचा अर्थ असा: केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, औषधशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु वीस वर्षे बिले आणि व्हाउचरे तपासण्यात गेली. त्यामुळे कागदावर काय आहे यापेक्षा काय नाही, हे आमच्या नजरेला आधी दिसते. आपल्या देशात औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख असावीच लागते. या कुपीवर त्यातले काहीही नव्हते. असे बिल आमच्या टेबलावर आले असते तर आम्ही शेरा मारून परत पाठवले असते.

संध्याकाळी मुलगा आला. रागावलेलाच होता. "काका, तुम्हाला यातलं कळत नाही. परदेशातले मोठे खेळाडू हेच घेतात. चार आठवड्यांत शीर सांधते." आम्ही म्हटले, "बाळ, तसे असेल तर आम्हालाही शिकू दे. पंधरा दिवसांची मुदत दे, तोवर सुई टोचू नकोस." त्याने कबूल केले. त्या पंधरा दिवसांत औषधनिर्माण शास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना विचारून आणि रात्री वाचन करून जे समजले, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम पेप्टाइड म्हणजे काय ते पाहू. आपण डाळ, अंडी, मासे खातो त्यातील प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. ही आम्ले म्हणजे मणी समजा. फार लांब माळ झाली की तिला प्रथिन म्हणतात, आखूड माळेला पेप्टाइड म्हणतात. शरीर अशा अनेक आखूड माळा स्वतःच तयार करते आणि निरोप पाठवण्यासाठी वापरते. साखर कमी कर, भूक लागू दे, वाढ होऊ दे, असे ते निरोप. तेव्हा पेप्टाइड हा शब्द ऐकून भिण्याचे कारण नाही, आणि केवळ त्या शब्दाला भुलण्याचेही कारण नाही.

यातील सर्वांना माहीत असलेले पेप्टाइड म्हणजे इन्शुलिन. त्याच्या दोन माळांत मिळून ५१ मणी असतात. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते हाती आणले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मधुमेही मुलाला पहिली सुई दिली. पहिला अर्क अशुद्ध होता, म्हणून थांबले, शुद्ध केला आणि पुन्हा दिला. मुलगा वाचला. संशोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. आज आपल्या वस्तीतही कितीतरी वडीलधारी माणसे त्या सुईवर सुखाने जगत आहेत. पेप्टाइड संशोधन माणसाच्या किती उपयोगी पडू शकते, याचा हा पुरावा आहे. तेव्हा आम्ही संशोधनाच्या विरोधात आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरे उदाहरण वाढीच्या संप्रेरकाचे. खुरट्या राहणाऱ्या मुलांसाठी हे संप्रेरक पूर्वी मृत माणसांच्या मेंदूतील ग्रंथीतून काढत असत. १९८५ साली अमेरिकेत असे लक्षात आले की, ज्यांना ते दिले त्यांच्यातील काही तरुण मेंदूच्या एका असाध्य रोगाने मरत आहेत. रोगाचे मूळ त्या ग्रंथींतून आले होते. तो पुरवठा ताबडतोब बंद झाला आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेले संप्रेरक वापरात आले. यात कारकून म्हणून आमचे लक्ष गेले ते पुढच्या गोष्टीकडे. तिथल्या सरकारी योजनेखाली सुमारे ७,७०० जणांना ते संप्रेरक मिळाले होते. कोणाला दिले याच्या नोंदी होत्या, म्हणून त्यांचा शोध घेता आला आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवता आले. चूक मोठ्या शास्त्रज्ञांकडूनही होते. पण नोंद असेल तर चूक सापडते.

आता त्या मुलाच्या कुपीकडे येऊ. बीपीसी-१५७ ही पंधरा मण्यांची माळ आहे. क्रोएशिया देशातील झाग्रेब येथील संशोधक १९९० नंतरच्या दशकापासून तिच्यावर काम करीत आहेत. माणसाच्या जठररसातील एका प्रथिनाचा तो अंश, असे त्यांचे म्हणणे. उंदरांची शीर कापून किंवा स्नायू चिरडून हे पेप्टाइड दिले असता जखम लवकर भरते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, असे निष्कर्ष त्यांनी मांडले. हे खोटे आहे असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु यातील बरेचसे काम एकाच गटाचे आहे, आणि माणसांवरचे अभ्यास बोटांवर मोजण्याइतके व मोजक्या रुग्णांवरचे आहेत. ज्या पदार्थाने नव्या रक्तवाहिन्या फुटतात तो शरीरात लपलेल्या एखाद्या गाठीलाही खतपाणी घालील काय, ही डॉक्टरांची शंका आहे. तिचे उत्तर मिळण्यासाठी पुष्कळ माणसांवर, पुष्कळ काळ, नोंदी ठेवून अभ्यास व्हावा लागतो. उंदीर बरा झाला आणि धावपटू बरा झाला, यांत फार अंतर आहे.

आमच्या मनात आले की, हा मुलगा गरीब घरचा म्हणून फसला असेल. परंतु वाचता वाचता ऑस्ट्रेलियातील एक प्रकरण हाती लागले आणि आमचा हा समज दूर झाला.

मेलबर्न शहरात एसेंडन नावाचा जुना आणि श्रीमंत फुटबॉल क्लब आहे. तिथला फुटबॉल आपल्याकडच्यापेक्षा वेगळा असतो. चेंडू लंबगोल असतो आणि हातपाय दोन्ही वापरून खेळतात. २०१२ च्या हंगामात खेळाडूंचे बळ वाढावे, दुखापतीतून ते लवकर सावरावेत, म्हणून क्लबमध्ये इंजेक्शने देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. खेळाडूंकडून संमतीपत्रांवर सह्या घेतल्या. त्यात 'थायमोसिन' असा शब्द होता. पण थायमोसिन हे एका पदार्थाचे नाव नाही, कुळाचे नाव आहे. त्याच कुळातील थायमोसिन बीटा-४ हे ४३ मण्यांचे पेप्टाइड खेळात बंदी असलेले. आपल्या अंगात नेमके कोणते जात आहे, हे खेळाडूंनी खोदून विचारले नाही. क्लबच्या डॉक्टरांनी जानेवारी २०१२ मध्येच पत्र लिहून काळजी व्यक्त केली होती, तरी कार्यक्रम चालू राहिला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये क्लबने स्वतःच चौकशी मागितली. तेव्हा उघड झाले की कोणाला, काय, किती दिले याच्या धड नोंदीच ठेवलेल्या नव्हत्या. वाचकहो, जिथे चेंडूवर किती लाथा मारल्या याचासुद्धा हिशोब ठेवतात, तिथे माणसाच्या शरीरात काय घातले याचा हिशोब नव्हता! त्या वर्षी ऑगस्टमध्ये क्लबला वीस लाख डॉलर दंड झाला आणि हंगामाच्या अंतिम सामन्यांतून तो बाद झाला. ३१ मार्च २०१५ रोजी तिथल्या न्यायाधिकरणाने पुरावा अपुरा म्हणून ३४ खेळाडूंना सोडले. परंतु जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, वरच्या क्रीडा लवादाकडे गेली. १२ जानेवारी २०१६ रोजी लवादाने चौतीसही जणांना दोषी ठरवून दोन वर्षांची बंदी घातली. आधीची काही मुदत त्यातून वजा झाली, तरी २०१६ चा संपूर्ण हंगाम गेला. संघनायक जोब वॉटसन याला २०१२ चा सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान मिळाला होता, तोही त्याने सोडून दिला. त्याच जानेवारीत कामाची जागा सुरक्षित ठेवली नाही म्हणून क्लबला न्यायालयाने आणखी दोन लाख डॉलर दंड केला.

या निकालात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. लघवीत पदार्थ सापडला म्हणून ही शिक्षा झाली नाही. संदेश, खरेदीचे कागद, साक्षी असे धागे एकत्र वळले तेव्हा त्यांचा दोर झाला. दुसरे असे की, उत्तेजक तपासणीच्या वेळी भरायच्या फॉर्मवर आपण काय काय घेतो ते लिहायचे असते. ही इंजेक्शने खेळाडूंनी त्यावर लिहिली नव्हती, आणि ती गोष्ट त्यांच्याविरुद्ध गेली. "आम्हाला क्लबने सांगितले" हे उत्तर चालले नाही. ज्यांच्याकडे डॉक्टर, वकील, पैसा सारे होते त्यांची ही गत. मग चाळीतल्या पोराच्या पाठीशी कोण उभे राहणार?

नियम आपल्याकडेही तोच आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कोणी दिले, कशात मिसळले, ही सबब शिक्षा कमी करायला कधी उपयोगी पडते, पण दोष पुसत नाही. आपल्या देशात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, २००५ साली स्थापन झाली आणि २०२२ मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. वाडाची बंदी यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. २०२२ च्या यादीत बीपीसी-१५७ चे नाव स्पष्ट घातले गेले. औषध म्हणून मान्यता नसलेले पदार्थ ज्या वर्गात येतात त्या पहिल्याच वर्गात ते आहे. बंदी दोन वर्षांची होऊ शकते, चार वर्षांचीही होऊ शकते. मधुमेही खेळाडूला इन्शुलिनसाठी रीतसर अर्ज करून सवलत मिळते, कारण ते औषध आहे. कुपीवरच 'मानवी वापरासाठी नाही' असे लिहिलेल्या पदार्थासाठी कोणता डॉक्टर अर्जावर सही करणार?

आणि हे दूरचे संकट नाही. २०२३ मध्ये भारतातून ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ सदोष निघाले, असे वाडाचेच आकडे आहेत. हे सर्व प्रकारच्या बंदी पदार्थांचे मिळून आहेत. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

पंधरा दिवसांनी हे सारे त्या मुलापुढे ठेवले. त्याने बराच वेळ खाली मान घालून ऐकले. मग म्हणाला, "काका, तुमच्याकडे यायच्या आधी तीन दिवस मी घेतलं होतं." आम्हाला काय बोलावे ते सुचेना. आईला आपण काय सांगायचे, हाच विचार आधी मनात आला. शेवटी त्याला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी कुपी पाहिली, किती घेतले ते विचारले आणि केसपेपरवर स्वच्छ अक्षरांत लिहिले. वीस वर्षांत इतक्या नोंदी पाहिल्या, पण त्या एका नोंदीने आमच्या जिवाला जेवढा धीर आला तेवढा कशाने आला नव्हता. मुलाने आपणहून प्रशिक्षकांनाही सांगितले. त्यांनी त्याला पुढच्या निवड चाचणीत उतरवले नाही. हंगाम गेला. त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटली.

आता शीर बरी कशी करायची? स्नायूंच्या मानाने शिरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश भरते. तिला आराम लागतो, पण नुसता आराम पुरत नाही. तिच्यावर हळूहळू वाढता भार द्यावा लागतो. स्वीडनमधील आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली टाचेच्या याच दुखण्याच्या पंधरा धावणाऱ्यांना बारा आठवडे एक व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभे राहायचे आणि टाच सावकाश खाली सोडायची. दिवसातून दोनदा, रोज. पंधराही जण पुन्हा धावू लागले. पंधरा हा आकडा लहानच आहे, हे आम्ही मान्य करतो. जो नियम कुपीला तोच याला. पण या व्यायामाचे पुढे अनेकांनी अनेक ठिकाणी अभ्यास केले. सर्वांनाच सारखा गुण येत नाही, तरी आज जगभर फिजिओथेरपिस्ट या पद्धतीचे व्यायाम देतात. त्याला लागते ती एक पायरी आणि चिकाटी. पायऱ्या आमच्या चाळीत भरपूर आहेत. मात्र दुखणे नेमके काय आहे ते आधी तपासून घ्यावे, मनानेच सुरू करू नये.

खाण्याचेही तसेच. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून असे दाखवले गेले की, व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. त्याहून जास्त घेतल्याने स्नायू विशेष वाढत नाहीत. साठ किलोच्या मुलाला म्हणजे ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे पंचवीस, शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात वीसच्या आसपास. त्यावर डाळ, दूध, शेंगदाणे, सुकट. साडेचार हजारांत किती दिवसांचे हे अन्न येते, याचा हिशोब भगिनींनी मांडून पाहावा. आणि झोप. शरीर वाढीचे संप्रेरक सर्वांत जास्त सोडते ते गाढ झोपेत. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहायचा आणि पहाटे पाच वाजता मैदानावर जायचे, मग कुपी शोधायची, हा व्यवहार तोट्याचा आहे.

वाचकहो, मुलांना रागावून हा प्रश्न सुटणार नाही. ज्याच्यापाशी एकच संधी असते त्याला चार महिने वाट पाहणे फार जड जाते, आणि त्याच्या या घाईवरच कोणीतरी साडेचार हजार कमावतो. म्हणून आम्ही सुचवतो की, घरात कोणतीही कुपी, पूड वा गोळी आली तर मुलाने आणि आईबापाने मिळून पाच प्रश्न विचारावेत. याचे पूर्ण नाव काय? कोणी बनवले आणि परवाना क्रमांक कोणता? माणसांवर याची परीक्षा झाली आहे काय? बंदी यादीत आहे काय? आणि शेवटचा प्रश्न, देणारा आपली सही आणि बिल द्यायला तयार आहे काय? आमच्या अनुभवात शेवटच्या प्रश्नालाच बहुतेक जण जागेवरून उठतात. त्या व्यायामशाळेतल्या माणसाकडे बिल मागितले तेव्हा तोही उठला. पैसे काही परत मिळाले नाहीत.

उद्या कदाचित बीपीसी-१५७ ची रीतसर परीक्षा होईल आणि ते उपयोगी ठरेल. तसे झाले तर आम्हीच याच सदरात आनंदाने लिहू. परंतु ती परीक्षा माहिती देऊन, संमती घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नोंदी ठेवून व्हावी. आमच्या मुलांनी पदरचे पैसे देऊन, विना नोंद, कोणाच्या तरी प्रयोगाचे उंदीर होऊ नये.

हा लेख त्या मुलाची परवानगी घेऊनच लिहिला आहे. नाव घालू नका, एवढेच तो म्हणाला. सध्या व्यायामाचा आठवा आठवडा चालू आहे. सकाळी पाऊल टेकते, हळूहळू धावतोही. राज्य स्पर्धेपर्यंत पुन्हा पोचेल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण जिन्यात भेटला की स्वतःहून सांगतो, "काका, आज किती वेळा केलं ते वहीत लिहिलंय."